धोतरा आणि ऑर्निथीन : एका प्रयोगपरंपरेचा इतिहास

‘ऑर्निथीन’ हे नाव ग्रीक भाषेतील पक्षिवाचक शब्दावरून पडले. १८७७ मध्ये माक्स याफे या जर्मन संशोधकाने कोंबड्यांना बेंझोइक अम्ल खाऊ घातले व त्यांच्या विष्ठेत सापडलेल्या संयुगाच्या विघटनातून हे अमिनो अम्ल मिळविले. पक्ष्यांच्या नावाचा हा पदार्थ पुढे धोतऱ्याच्या रसायनशास्त्रात केंद्रस्थानी यावा, ही मौजेची गोष्ट होय. धोतऱ्याच्या प्रजातीचे लॅटिन नाव ‘डाटुरा’ हेही संस्कृत ‘धत्तूर’ शब्दाच्याच कुळातले आहे.

धोतरा व बेलाडोना यांतील हायोसायमीन हे अल्कलॉइड वनस्पती कशापासून घडविते, या प्रश्नाचे पहिले समर्थ उत्तर प्रत्यक्ष वनस्पतीला हात न लावता दिले गेले. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९१७ मध्ये सक्सिनडायअल्डिहाइड, मेथिलअमाइन आणि ॲसिटोन डायकार्बोक्झिलिक अम्ल यांपासून ट्रोपिनोन तयार केले, आणि त्याच वर्षी असे अनुमान मांडले की, वनस्पतीत या सांगाड्याचा उगम ऑर्निथीनमध्ये असावा. अनुमान देखणे होते. परंतु चंचुपात्रात जे घडते तेच पेशीत घडते, असे त्यावरून सिद्ध होत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात युरोप खंडातून ब्रिटनला होणारा बेलाडोनाचा पुरवठा तुटला आणि या प्रश्नास व्यावहारिक निकड प्राप्त झाली. ऑक्सफर्ड येथे डब्ल्यू. ओ. जेम्स यांनी बेलाडोनाची खुडलेली पाने आर्जिनीन व ऑर्निथीन यांच्या द्रावणांवर पोसली, तेव्हा त्यांतील अल्कलॉइडांचे प्रमाण वाढलेले आढळले. येथे मात्र सावध राहावयास हवे. अमिनो अम्ल दिल्याने अल्कलॉइड वाढले, म्हणजे ते त्या अम्लापासूनच बनले, असे नव्हे. वनस्पतीला नुसता अधिक नायट्रोजन मिळाल्यानेही तसे घडू शकते. शिवाय पाल्याचे वजन वाढून अल्कलॉइडांची टक्केवारी घटणे, किंवा याच्या उलट होणे, हेही संभवते. औषधी वनस्पतींवर अमिनो अम्लांची फवारणी करून आज जे निष्कर्ष काढले जातात, त्यांनाही हाच आक्षेप लागू पडतो. त्यातच कलमांच्या प्रयोगांनी निराळीच दिशा दाखविली : धोतऱ्याच्या मुळावर टोमॅटोचे कलम बांधले असता टोमॅटोच्या पानांत अल्कलॉइडे उतरतात. अर्थात मुख्य कार्यशाळा मुळांत होती, पानांत नव्हे.

संदेह फेडला तो किरणोत्सर्गी कार्बनाने. १९५४ मध्ये कॅनडातील लीट, मारियाँ व स्पेन्सर यांनी खूण केलेले ऑर्निथीन धोतऱ्याच्या झाडांना दिले, आणि त्यांतून मिळालेले हायोसायमीन किरणोत्सर्गी निघाले. त्या रेणूचे पायरीपायरीने विघटन केले असता खूण ट्रोपीनच्या सांगाड्यातच सापडली. वाढीचे मोजमाप जे सांगू शकत नव्हते, ते एका कार्बन अणूच्या स्थानाने सांगितले. रेणूचा दुसरा भाग, ट्रोपिक अम्ल, हा फेनिलॲलानीन या अमिनो अम्लापासून येतो, हेही पुढे याच पद्धतीने ठरले.

रॉबिन्सन यांचे अनुमान सर्वांशी खरे ठरले असे मात्र नाही. ऑर्निथीन व ट्रोपिनोन यांच्यामधल्या पायऱ्या वनस्पती निराळ्या रीतीने चढते. तेथे प्युट्रेसीन येते, आणि त्यावर मेथिल गट बसविणारे विकर असते. या विकरांची जनुके हाती आल्यावर २०२० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे श्रीनिवासन व स्मोल्के यांनी ती यीस्टमध्ये घातली, आणि धोतऱ्याचे रोप नसतानाही साध्या साखरेपासून व अमिनो अम्लांपासून हायोसायमीन मिळविले.