पिस्तूल कोणी पुसलं?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मैत्रिणीबरोबर बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीतल्या शूटिंग रेंजवर गेले होते. ती २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते, .२२ च्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाने. मला वाटलं होतं की खरा कार्यक्रम गोळ्या झाडण्याचा असेल. तो तासाभरात संपला. मग तिने टेबलावर एक जुना टॉवेल अंथरला आणि पुढचा पाऊण तास ती नुसती पुसत बसली.

आधी मॅगझीन बाहेर. मग मागचा सरकता भाग ओढून नळीच्या मागच्या घरात काडतूस राहिलेलं नाही ना, हे डोळ्यांनी पाहिलं, बोटाने चाचपलं आणि मलाही बघायला लावलं. मग एकेक भाग सुटा होत टॉवेलवर आला: नळी, सरकता भाग, त्याला पुढे ढकलणारी स्प्रिंग, मॅगझीन. .२२ च्या गोळीचं शिसं उघडं असतं आणि त्यावर मेणासारखं वंगण असतं, त्यामुळे आत चिकट काळी राख साचते. ती ब्रशने काढायची, नळीतून कापडाचे तुकडे फिरवायचे, जिथे धातू धातूवर घासतो तिथे तेलाचा एखादा थेंब. "जास्त तेल घातलंस तर त्यालाच कचरा चिकटतो," ती म्हणाली. हे टाळलं की काही शे गोळ्यांनंतर रिकामं काडतूस बाहेर पडताना अडकतं.

घरी येऊन बाबांना फोटो दाखवला. त्यांची पूर्ण नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी फोटो मोठा केला आणि म्हणाले, "यात विशेष काय? स्लाइड आहे, स्प्रिंगने परत येते. क्लिअरन्स मात्र नीट ठेवलाय." भोसरीपासून चाकणपर्यंत मायक्रोनवर काम करणारी हजारो माणसं आहेत, आणि त्यातल्या कोणालाही हे यंत्र दहा मिनिटांत समजेल. पण त्यातल्या फार थोड्यांनी ते कधी हातात धरलं असेल. हे असं का, या प्रश्नातून माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण निघालं. त्यातलं एक वाक्य मला नंतर खोडावं लागलं. ही पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे.

जे नवीन वाचक आहेत त्यांच्यासाठी: माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रातलं, आणि पीएच.डी. तंत्रज्ञानाच्या इतिहासात. विषय आहे पश्चिम महाराष्ट्रातला गंज. (हो, गंज. नातेवाइकांना सांगताना मी "धातूंचा इतिहास" म्हणते.)

आता थोडं मागे जाऊ. चिंचवडचे चापेकर बंधू सगळ्यांना माहीत आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण यांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा आपोआप पुन्हा भरली जाणारी पिस्तुलं युरोपातही नुकतीच बाजारात येत होती. जर्मनीतलं माउझरचं पिस्तूल १८९६ चं. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावर बेल्जियमच्या एर्स्ताल गावातल्या एफएन कारखान्याने छोटं, कोटाच्या खिशात मावणारं पिस्तूल काढलं ते १९०० च्या सुमाराला. त्याच्यासाठीच ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला .३२ म्हणतो ते, काडतूस तयार झालं.

त्यानंतर हे पिस्तूल कुठे कुठे पोचलं ते बघा. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर ते चाललं. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिनच्या स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन याने जपानच्या इतो हिरोबुमीला त्यानेच मारलं. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या जेमतेम अठरा वर्षांच्या मुलाने कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल चालवलं.

हे पिस्तूल आलं कसं, हे खटल्यातून कळतं. लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, पेटीच्या खोट्या तळात लपवून. १९०९ च्या मार्चमध्ये ती मुंबईत उतरली. पुढे अमीन माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

इथपर्यंत शाळेच्या पुस्तकातला इतिहास झाला. मला अडकवलं ते तारखांनी. मार्च ते डिसेंबर म्हणजे नऊ महिने, आणि त्याच्या मधोमध एक अख्खा पावसाळा.

आता जरा रसायनशास्त्र. अर्धस्वयंचलित पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत फरक आहे तो ताकद कुठून येते याचा. रिव्हॉल्व्हरचं चाक तुमच्या बोटाच्या जोराने फिरतं. एक काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढा, पुढचं समोर येतं. अर्धस्वयंचलित पिस्तूल मात्र प्रत्येक गोळीच्या स्फोटातलीच थोडी ताकद उसनी घेतं: वायूच्या दाबाने रिकामं काडतूस मागे येतं, सरकता भाग मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, आणि स्प्रिंग त्या भागाला पुढे आणताना नवं काडतूस आत भरते. हा सगळा हिशोब ठरावीक घर्षण धरून केलेला असतो. गंजाने किंवा राखेने घर्षण वाढलं की सरकता भाग अर्ध्यावर थांबतो. म्हणजे हे यंत्र स्वतःच्याच घाणीने आजारी पडतं.

आणि त्या काळातली घाण आजच्यापेक्षा वाईट होती. काडतुसाच्या बुडाला जी छोटी टोपी असते, घोड्याचा ठोका बसल्यावर आधी पेटते ती, तिच्यात तेव्हा पाऱ्याच्या फल्मिनेटबरोबर पोटॅशियम क्लोरेट असायचं. क्लोरेट ऑक्सिजन देतं आणि मागे राहतं पोटॅशियम क्लोराइड. हे आपल्या मिठाचं चुलत भावंड. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात कित्येक रात्री आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे नळीच्या आत पोलादावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर. पुढचं सांगायला नको.

यातली खरी मेख अशी की हे मीठ तेलात विरघळत नाही. नळी तेलाने कितीही पुसा, मीठ तिथेच राहतं. म्हणून .३०३ रायफल वापरणाऱ्या सैनिकांना नळीतून उकळतं पाणी ओतायला शिकवत, मग कोरडी करून तेल. ज्याला हे कोणी सांगितलेलं नाही तो माणूस पोलादाच्या वस्तूत पाणी ओतायला धजावणारच नाही. तो तेलच लावेल. क्लोरेट नसलेल्या, न गंजवणाऱ्या टोप्या जर्मनीत आल्या त्या १९२० च्या दशकात.

मी हे गॅलरीत करून पाहिलं. बाबांनी आणून दिलेल्या साध्या पोलादाच्या पट्ट्या, त्यांवर पोटॅशियम क्लोराइडचा हलका थर. निम्म्या पट्ट्या फक्त तेलाने पुसल्या, निम्म्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून मग तेल लावलं. जुलै महिना, चिंचवड. पहिल्या गटावर आठवड्याच्या आत तांबडे ठिपके आले, दुसरा गट जवळजवळ स्वच्छ. आईने विचारलं, ह्याला विद्यापीठ स्टायपेंड देतं का.

आणि मग मी प्रकरणात ते वाक्य लिहिलं: "नाशिकच्या मंडळींपैकी कोणाला तरी नळी पाण्याने धुण्याचं ज्ञान असलंच पाहिजे." मला ते फार आवडलं होतं. सरावासाठी गोळ्या झाडल्या असणार, पावसाळा गेला, तरी डिसेंबरात पिस्तूल चाललं. म्हणजे कोणीतरी ते नीट पुसलं. क्रांतीच्या इतिहासात चाप ओढणारा दिसतो, पुसणारा दिसत नाही, आणि मी त्याला शोधून काढलं होतं!

गाईडने पेन्सिलीने बाजूला एकच शब्द लिहिला: "ग्रीस?"

नवी पिस्तुलं कारखान्यातून तेला-ग्रीसचा लेप लावून निघतात. न वापरलेल्या नळीत मीठच नसतं. वीसपैकी जे पिस्तूल पावसाळाभर गुंडाळून ठेवलं आणि थंडीत पहिल्यांदा चालवलं, त्याला पाण्याची गरजच नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत सराव केला असेल तर मीठ मिठासारखंच पडून राहील. सरावाचं पिस्तूल आणि शेवटचं पिस्तूल एकच होतं हेही मी गृहीतच धरलं होतं. माझ्या पट्ट्यांनी एवढंच सिद्ध झालं की चिंचवडला पावसाळ्यात पोलाद गंजतं, आणि त्यासाठी कोणाला पीएच.डी. करायची गरज नाही. वाक्य खोडलं. दोन दिवस गाईडशी धड बोलले नाही, हेही सांगून टाकते.

खोडल्यावर जे उरलं ते मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं. खटल्याची कागदपत्रं या बाबतीत गप्प का आहेत? कारण कोर्टाला गुन्हा सिद्ध करायचा होता. शस्त्र कोणी आणलं, कोणाला दिलं, कोणी झाडलं, हेच प्रश्न साक्षीदारांना विचारले गेले, म्हणून त्यांचीच उत्तरं उरली. "पिस्तूल कशाने पुसलंत?" असं अमीनला कोणी विचारण्याचं कारणच नव्हतं. आपण मात्र त्या उत्तरांनाच पूर्ण घटना समजतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. म्हणजे ज्या वीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत पिस्तूल हे हौशी माणसाच्या टेबलावरचं यंत्र झालं, त्याच वर्षांत इथे ते पेटीच्या खोट्या तळातून येत होतं. हौशी माणसाकडे छापील पुस्तिका असते, क्लबातला अनुभवी सोबती असतो, दुकानदार असतो. चोरून आणलेल्या पिस्तुलाबरोबर यातलं काहीच येत नाही. ब्राउनिंगच्या त्या पहिल्या छोट्या पिस्तुलाचा सरकता भाग खोलायला स्क्रू काढावे लागत. नंतरच्या पिस्तुलांत त्याने ही कटकट काढून टाकली आणि नळी फिरवली की भाग सुटे होऊ लागले. १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने त्याचं कोल्ट पिस्तूल घेतलं, त्याआधीच्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या आणि एकदाही ते अडकलं नाही. पण त्या चाचणीतही दर १,००० गोळ्यांनंतर साफसफाई आणि तेल ठरलेलं होतं. हा तपशील कौतुकाच्या गोष्टीत सहसा गळतो.

तिकडे आपल्या शेजारी, खडकीला, १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' म्हणजे किर्की फॅक्टरी असा छाप असे. काडतूस इथे बनायचं. ते झाडल्यावर नळीचं काय करायचं, हे मात्र छावणीतच शिकवलं जायचं.

आजचा १९५९ चा कायदाही या बाबतीत कडकच आहे. परवाना हवाच, आणि शस्त्राच्या दुरुस्तीचा धंदा करायलाही वेगळा परवाना लागतो. म्हणून मैत्रीण टॉवेलवर जेवढे भाग काढते तेवढेच काढते, चापाच्या यंत्रणेला हात लावत नाही. ते काम परवानाधारक कारागिराचं. बाबांना हे पटलं नाही. "तो स्प्रिंगचा भाग मी दिला असता करून," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही आत जाल.

सध्या मी मुद्देमालाच्या याद्या वाचायला घेतल्या आहेत. पोलिसांनी जप्त केलेल्या शस्त्रांचं वर्णन करताना कारकून कधी कधी एखादा जास्तीचा शब्द लिहून जातो: गंजलेलं, तेल लावलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. सोबत काय सापडलं तेही बघायचं, कारण नळी साफ करायची काडी किंवा तेलाची बाटली जप्त झाली असेल तर ती नोंदीत असायला हवी. पुढच्या आठवड्यात मुंबईला पुराभिलेखागारात जायचं आहे. मोडी वाचता येणारं कोणी त्या दिवसांत मुंबईत असेल तर कळवा, चहा माझ्याकडून.