वाढोण्याचा निळा ठिपका

हिमायतनगर म्हटले तरी जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात. या गावाच्या पूर्वेला, किनवटच्या वाटेवर, ७८ अंश रेखांशाची रेघ जाते. याच रेघेच्या आधाराने ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टनने दक्षिणेकडून उत्तरेकडे भारत मोजत आणला. त्याचा कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो उचलून टेकडीवर चढवायचा, दूरच्या टेकडीवरच्या निशाणाकडे रोखायचा आणि कोन टिपायचा. जानेवारी १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले.

आज तेच काम खिशातला फोन करतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार जीपीएस उपग्रहांचे संदेश तो ऐकतो आणि जागा ठरवतो.

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली, तेव्हा शंभरेक मीटरचा फरक दहा-वीस मीटरवर आला. उपग्रहांचे संदेश ऐकायला एक पैसाही लागत नाही. डेटा खर्च होतो तो नकाशा उतरवायला. जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी येण्यापूर्वी एका जीबीला अडीचशेच्या आसपास रुपये पडत, म्हणून मोबाईल डेटा बंद ठेवायची सवय होती.

गावच्या वायफायवर नकाशा आधीच उतरवून ठेवला, तर किनवटच्या जंगलात टॉवर सुटल्यावरही रस्ता दिसतो. नाहीतर पडदा राखाडी होतो; त्यावर निळा ठिपका मात्र सरकतच राहतो.