तलवार खरी कशावरून?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक मराठा तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये आला. १८ ऑगस्टला तलवार मुंबईत पोचली. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार म्हणून ती ओळखली जाते.

यवतमाळ जिल्ह्याला हे घराणे परके नाही. अडाण नदीकाठचे भाम हे कान्होजी भोसल्यांचे ठाणे होते. १७३०च्या दशकात शाहू महाराजांच्या आज्ञेने रघुजींनी आपल्या या चुलत्यावर चाल केली आणि वणीच्या परिसरात त्यांना पकडले. सेनासाहेब सुभा हे पद रघुजींकडे आले. नागपूर त्यांची राजधानी झाली, फौजा बंगालपर्यंत गेल्या. १७५५ मध्ये रघुजी वारले.

वर्गात ही बातमी सांगितली, तर एखादा मुलगा विचारील, "पण ती त्यांचीच कशावरून?" प्रश्न उद्धटपणाचा नाही, इतिहासाचाच आहे. त्याचे तीन तुकडे करून पाहू. पाते जुने आहे का? त्याचा रघुजींशी संबंध आहे का? आणि ते प्रत्यक्ष त्यांच्या हातात होते का? तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो.

ही तलवार फिरंग जातीची आहे. सरळ, एकधारी पाते युरोपात घडलेले. मूठ मराठा पद्धतीची, सोन्याच्या नक्षीची. अशी पाती त्या काळी समुद्रमार्गे येत आणि आपले कारागीर त्यांना मुठी बसवीत. म्हणजे विलायती पाते हा खोटेपणाचा पुरावा नव्हे, ती त्या काळची रीतच होती.

पोलाद आपले वय थोडेफार सांगते. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि पोलाद वितळवून मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागले. त्यात मॅंगॅनीज मिसळण्याचा प्रघात पडला. त्याआधीच्या घडीव पोलादात मळीचे बारीक कण अडकलेले आढळतात आणि मॅंगॅनीज सहसा फारच कमी असते. क्ष-किरणांच्या साहाय्याने पात्याला धक्का न लावता त्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात. 'अठराव्या शतकातल्या' पात्यात भरपूर मॅंगॅनीज निघाले, तर संशय घ्यायलाच हवा.

दुसरा प्रश्न नावाचा. या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिब सुभा असा मजकूर आहे. हा मोठाच पुरावा आहे. तरीही नुसत्या नावावर विसंबता येत नाही. इराणचा नामवंत कारागीर असदुल्ला याचे नाव, जर्मनीतल्या पात्यांवरचे धावत्या लांडग्याचे चिन्ह, ही दोन्ही इतरांनी सर्रास उठवली. चांगल्या मालाची नक्कल आजचीच नाही. म्हणून अक्षरांचे वळण, सोने भरण्याची रीत आणि मुठीची घडण एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते.

जपानात हे काम शास्त्राच्या पायरीला पोचले आहे. तिथे मुठीत दडलेला पात्याचा शेपटा तपासतात. कारागिराची सही, कानशीचे ओरखडे आणि काळा पडलेला गंज यांवरून जाणकार काळ आणि परंपरा ठरवतात. १९४८ मध्ये स्थापन झालेली एक संस्था तपासणी करून प्रमाणपत्र देते, आणि किंमत बरीचशी त्या कागदावर ठरते. शेपट्यावरचा गंज कोणी घासत नाही, कारण तो गेला की पुरावाच गेला.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. नाव असले तरी तलवार शस्त्रागारातली असू शकते, भेट दिलेली असू शकते. ती परदेशी कशी गेली, याविषयीही तर्कच आहे. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरकरांचा खजिना लुटला, त्यात ती गेली असावी, असे मानतात. ते संभवनीय आहे, पण सिद्ध झालेले नाही. लूट असेल, तर आपलीच वस्तू आपण पैसे मोजून परत आणली, ही बोचही उरतेच.

हे मुलांना सांगण्यात तलवारीचा मान कमी होत नाही. उलट 'नक्की', 'बहुधा' आणि 'कदाचित' यांतला फरक कळणे हेच इतिहासाचे शिक्षण आहे, असे आम्हाला वाटते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे गढ्यांमध्ये, जुन्या वाड्यांमध्ये अजून शस्त्रे निघतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरू शकते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत दडलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणून अशी तलवार मिळाली तर राख-चिंचेने लख्ख करू नका. छायाचित्र काढा, लांबी मोजा, कोठे आणि कशी मिळाली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. लंडनच्या तलवारीबाबत जी माहिती आज मिळत नाही, ती नेमकी हीच आहे.