झडीच्या दिवसांत आजरा उजळेल कसा?

साल 2007, फेब्रुवारी, रात्रीचे साडेअकरा. हिरण्यकेशीच्या काठचा ऊस भिजवायला तुम्ही निघाला आहात, कारण या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, अंगावर घोंगडे. साप आणि गवा ही आजऱ्यातली जुनी भीती. नवी भीती हत्तीची. काही वर्षांपूर्वी कर्नाटकाच्या जंगलातून उतरलेले हत्ती आता चंदगड-आजऱ्याच्या रानात रुळलेत आणि ऊस त्यांनाही गोड लागतो. स्टार्टरचे हिरवे बटण दाबता. मोटर धरते, पाटात पाणी येते, आणि दहा मिनिटांत एक फेज जातो. या वेळी वायरमन कुठला यायला! बांधावर बसता, कान झाडीकडे लावून.

याच बांधावर दिवसभर कडक ऊन होते. ते आले तसे गेले.

जरा मागे चला, शंभर वर्षे. भोगावतीच्या काठी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले आहे. पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी अडवायचे, एवढा साधा त्यांचा विचार. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउसेन गावाजवळ काही इंजिनिअर वेगळ्याच खटपटीत आहेत. नको तेव्हाची वीज वापरून ते ऱ्हाइनचे पाणी टेकडीवरच्या तळ्यात चढवतात आणि हवी तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज परत घेतात. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आजऱ्याच्या पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करताना मला ही दोन्ही ठिकाणे एकदम आठवतात.

आता 28 एप्रिल 2025. आजऱ्यात दुपारचे चार वाजून गेलेत, तुम्ही मात्र माद्रिदच्या मेट्रोत आहात आणि तिथे घड्याळात 12 वाजून 33 मिनिटे. दिवे जातात. गाडी बोगद्यातच थांबते. मोबाइलची रेंज गेली की माणसे एकमेकांशी बोलू लागतात, हे तुम्हाला तिथेही दिसते. वर रस्त्यावर सिग्नल बंद, एटीएम बंद. कुणीतरी जुना ट्रान्झिस्टर बाहेर काढतो आणि त्याच्याभोवती घोळका जमतो. पाच सेकंदांत 15 गिगावॅट वीज जाळ्यातून गळून पडली, म्हणजे त्या क्षणी देशाला लागणाऱ्या विजेतला सुमारे 60 टक्के वाटा. पोर्तुगालही अंधारात गेला. संध्याकाळपर्यंत दोषी ठरला सूर्य, कारण त्या दुपारी स्पेनची निम्म्याहून अधिक वीज सौर होती. पुढे तज्ज्ञांच्या तपासात निघाले ते वेगळेच: जाळ्यातला व्होल्टेज चढत गेला आणि त्याला वेळीच आवर घालता आला नाही. ऊन भरपूर होते, ते सांभाळायची तयारी तोकडी होती. त्याच वर्षी जून महिन्यात युरोपीय संघाच्या विजेत सौरऊर्जेचा वाटा 22 टक्क्यांवर जाऊन पहिल्या क्रमांकाचा ठरला, हेही विसरू नका. सूर्याला शिव्या घालून कुणी पॅनेल उतरवले नाहीत.

युरोपची खरी अडचण पाहायची तर साडेचार महिने मागे, जर्मनीत उतरा. 12 डिसेंबर 2024, संध्याकाळचे पाच. अंधार केव्हाच पडला आहे, आकाश ढगांनी गच्च आणि वाराही पडलेला. पॅनेल झोपलेली, पवनचक्क्या उभ्याच. बाजारात त्या एका तासाचा भाव मेगावॅट-तासाला 900 युरोंच्या वर गेला, म्हणजे युनिटला 80 रुपयांच्या आसपास. दुपारची वीज संध्याकाळी नेणारी बॅटरी इथे चार तास तग धरेल. जूनचे ऊन डिसेंबरात नेणे तिला झेपत नाही.

आपला डिसेंबर जुलैत येतो. आजऱ्यात पाऊस लागला की सूर्य दिसत नाही. छतावरचे 1 किलोवॅटचे पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला साधारण 4 युनिट देते, झडीत त्याच्या निम्मेही हाती लागत नाही. नेट मीटरवाल्या घराला हे जाणवत नाही, कारण एप्रिल-मेमधले शिल्लक युनिट जुलैच्या बिलात वळते होतात. पण ती शिल्लक कागदावरची आहे. जुलैच्या रात्री तुमच्या घरात प्रत्यक्ष जळणारी वीज त्या वेळी कुठेतरी तयार व्हावीच लागते.

तरी जर्मनीपेक्षा आपले नशीब बरे. तिथे ऊन आणि वारा एकदम पाठ फिरवतात. आपल्याकडे ज्या ढगांनी ऊन अडते तेच वारा आणि पाणी घेऊन येतात. साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळ्यातच जोर धरतात आणि चित्री धरणही त्याच दिवसांत भरते.

म्हणून 2045 च्या जुलैत तुम्हाला नेताना मला फार मोठी कल्पना करावी लागत नाही. घनसाळ भाताची लावण चालू आहे, पाऊस थांबायचे नाव घेत नाही. सबस्टेशनशेजारी गायरानावर पॅनेलच्या रांगा, बाजूला बॅटरीचे पत्र्याचे कंटेनर. गेले आठ दिवस ते ऊन साठवत नाहीत, घाटावरच्या वाऱ्याची रात्रीची वीज भरून घेतात आणि संध्याकाळी सोडतात. उन्हाळ्यातल्या उसाच्या पाण्याचा विषय निघतो, तेव्हा नातवंड हसते: ‘‘आजोबा, रातचं कशाला जात हुता? दिवसा लाइट नव्हती व्हय?’’ काय सांगणार!

हे चित्र आपोआप उभे राहणार नाही, आणि उभे राहिले तरी ते आजऱ्याचेच असेल असे नाही. शेजारच्या भुदरगडात पाटगावच्या धरणाचे पाणी वापरून कोकणात उतरणारा 2100 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, म्हणजे शाफहाउसेनसारखाच पाणी वर चढवून वीज साठवणारा, अदानी समूहाने पुढे आणला, तेव्हा वेदगंगेच्या खोऱ्यातले शेतकरी विरोधात उभे राहिले. पाणी जागच्या जागी फिरवणार, संपवणार नाही, हा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. नगर आणि ठाण्याच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॅटचे असे केंद्र 2008 पासून चालतेच आहे. पण तळे पहिल्यांदा भरायचे पाणी कुणाच्या वाट्यातले, आणि कमी पावसाच्या वर्षी आधी तहान भागणार कुणाची, हा शेतकऱ्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. राधानगरी ज्यांच्या पूर्वजांनी पाहिली, त्यांना पाणी अडवण्याचे महत्त्व वेगळे शिकवायला नको.

शेतीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना गायरान मागायला तुमच्याही ग्रामसभेत येईल. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख असे तीन वर्षांचे 15 लाख रुपये देऊ करील. जरूर घ्या. फक्त ठराव करताना त्या जागेवर बॅटरी केव्हा बसणार आणि झडीच्या रात्री तिच्यातली वीज आधी कुणाला मिळणार, हे विचारा आणि उत्तर ठरावात लिहून घ्या.