नोकरी लागली की उपचार बंद? एका व्याख्येचा इतिहास



पीएच.डी.साठी विषय शोधताना आपण बहुतेक वेळा 'समस्या' शोधत बसतो. आज थोडं वेगळं करू. कायद्यातल्या एका व्याख्येमुळेच समस्या कशी तयार झाली, ते पाहू. उदाहरण अमेरिकेचं आहे, पण पद्धत तुम्हाला कुठेही वापरता येईल.

१९६५ मध्ये अमेरिकेत मेडिकेड ही योजना आली. केंद्र आणि राज्य सरकारं मिळून गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलू लागली. १९७२ मध्ये गरीब वृद्ध, अंध आणि अपंगांसाठी एसएसआय हा मासिक भत्ता मंजूर झाला आणि १९७४ पासून तो मिळू लागला. बहुतेक राज्यांत भत्ता मिळाला की मेडिकेडही मिळायचं. इथपर्यंत सगळं ठीक.

मेख होती व्याख्येत. अपंग कोण? तर वैद्यकीय कारणामुळे भरीव कमाईचं काम करू न शकणारी व्यक्ती. म्हणजे काम जमलं, की कायद्याच्या नजरेत तुम्ही अपंगच नाही! १९८० च्या दशकात ही रेषा साधारण महिना ३०० डॉलरवर होती. ज्याला व्हेंटिलेटर लागतो, उठायला-बसायला मदतनीस लागतो, त्याचं तेवढ्या कमाईत कसं भागणार? मदतनीसाचा रोजचा खर्च खासगी विमा सहसा देत नसे. त्यामुळे काम करायची हौस असूनही घरी बसणंच परवडायचं.

१९८० मध्ये तिथल्या संसदेने कलम १६१९ प्रयोग म्हणून आणलं. कमाईमुळे भत्ता थांबला तरी ठरावीक मर्यादेपर्यंत मेडिकेड चालू राहील, अशी त्यात सोय होती. १९८६ च्या कायद्याने ती कायमची झाली. प्रश्न सुटला असं वाटतं ना? पण आता दुसरी व्याख्या आडवी आली: 'कमाई' कशाला म्हणायचं?

इथे पॉल लाँगमोर यांची गोष्ट येते. ते इतिहासाचे पीएच.डी. लहानपणी पोलिओ झालेला, हात चालत नव्हते, दिवसाचा काही वेळ व्हेंटिलेटरवर जायचा. तोंडात पेन धरून ते टंकलेखन करत. जॉर्ज वॉशिंग्टनवरचं पुस्तक लिहायला त्यांना सुमारे दहा वर्षं लागली. १९८८ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि मानधनाचा प्रश्न उभा राहिला. नियमानुसार पगार ही 'कमाई', पण पुस्तकाचं मानधन मात्र 'न कमावलेलं उत्पन्न'! म्हणजे नव्या कलमाचं संरक्षण त्याला नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी इमारतीसमोर त्यांनी आपल्याच पुस्तकाची प्रत जाळली. पुढे नियम बदलला आणि असं मानधन कमाईत धरलं जाऊ लागलं. तो बदल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९९७ मध्ये राज्यांना आणखी मुभा मिळाली. कौटुंबिक उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांच्या आत असेल, तर काम करणाऱ्या अपंगांना हप्ता भरून मेडिकेड घेता येईल. १९९९ च्या 'तिकीट टू वर्क' कायद्यानंतर १६ ते ६४ वयोगटासाठी उत्पन्नाची आणि मालमत्तेची मर्यादा राज्यं स्वतःच ठरवू शकतात. कलम १६१९ च्या वाटेने जाणाऱ्यांना मात्र एसएसआयची बचतीची अट पाळावी लागतेच. एकट्या माणसासाठी ती मर्यादा १९८९ पासून २,००० डॉलरवरच अडकली आहे. काम करा, पण साठवू नका!

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या आवडीची कुठलीही सरकारी योजना घ्या आणि शासन निर्णय काढून तीन गोष्टी वाचा: लाभार्थी कोणाला म्हटलंय, उत्पन्नात काय काय धरलंय, आणि मर्यादा शेवटची कधी बदलली. मग त्या मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्या माणसाला जाऊन भेटा. संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.