नाझ्का रेषा

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या वाळवंटी पठारावर प्राचीन लोकांनी काढलेल्या प्रचंड रेषा, भौमितिक आकृत्या आणि पशुपक्ष्यांची चित्रे. राजधानी लिमाच्या आग्नेयेस सुमारे ४०० किमी.वर, इका विभागातील नाझ्का आणि पाल्पा या गावांच्या परिसरात, साधारण ४५० चौ. किमी. क्षेत्रात ती पसरलेली आहेत. बहुतेक रेखाटने नाझ्का संस्कृतीच्या काळातली, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पू. २०० ते इ. स. ६०० या दरम्यानची आहेत. काही त्याआधीच्या पाराकास लोकांची. १९९४ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर माकड, कोळी आणि गुंजन पक्षी झळकतात, पण पठारावर खरे राज्य आहे ते सरळ रेषांचे. त्यांची संख्या ८०० च्या वर जाते आणि काही रेषा वाटेतल्या टेकाडांना न जुमानता कित्येक किलोमीटर नाकासमोर धावतात. त्यांच्या जोडीला समलंब चौकोन, त्रिकोण आणि नागमोडी पट्टे आहेत. प्राण्यांमध्ये गुंजन पक्षी सुमारे ९३ मी. लांब, कोळी ४६ मी.च्या आसपास. माकडाची शेपटी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळलेली आहे आणि त्याच्या एका हाताला पाच, तर दुसऱ्याला चारच बोटे आहेत.

रेषा म्हणजे येथे भर घालणे नव्हे, काढून टाकणे. पठारावर तांबूस-तपकिरी दगडगोट्यांचा थर आहे. शतकानुशतकांच्या हवापाण्याने या दगडांवर लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचे काळपट पुट चढले आहे. दगड उचलून बाजूला केले, की दहापंधरा सेंटिमीटरवर फिकट पिवळसर माती लागते. उचललेले दगड दोन्ही कडांना रचले, की रेषेला बारीकसा बांधही मिळतो. पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे वाहून जाण्याची भीती नाही. तापलेल्या दगडांमुळे जमिनीलगत उष्ण हवेचा थर राहतो आणि वाऱ्याचा जोर वरच्या वर मोडतो, असे स्पष्टीकरणही दिले जाते.

इतके साधे तंत्र असताना एवढा गाजावाजा का झाला, याचे उत्तर विमानात आहे. पेरूचे पुरातत्त्वज्ञ तोरिबिओ मेहिया शेस्पे यांनी १९२०च्या दशकात पायी फिरून या रेषा पाहिल्या आणि त्यांना धार्मिक वाटा मानले. प्रसिद्धी मात्र मिळाली ती या भागावरून विमाने उडू लागल्यावर. वरून पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की वरून न पाहता हे कोणी काढलेच कसे? पुढच्या बऱ्याच तर्कांचा जन्म या प्रश्नातून झाला आणि त्यातले बरेचसे तिथेच फसले.

सर्वांत गाजलेला तर्क लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांचा. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी परग्रहवासीयांशी आणि धावपट्ट्यांशी या रेषांचे नाते जोडले. मराठी वाचकांपर्यंत ही कल्पना बाळ भागवत यांच्या पुस्तकांतून पोचली आणि एका पिढीने ती मिटक्या मारत वाचली. इथली जमीन भुसभुशीत आहे, जड यान उतरले असते तर रुतून बसले असते, हा या रेषांचा अभ्यास करणाऱ्या मारिया रायशे यांचा आक्षेप त्या मानाने कमी लोकांच्या कानी गेला.

अमेरिकेच्या जिम वुडमन यांनी वेगळा मार्ग धरला. नाझ्का लोकांनाच उडता येत असेल तर? त्यांनी प्राचीन नाझ्का कापडाच्या विणीशी मिळतेजुळते सुती कापड घेतले, त्याखाली लव्हाळ्याचा पाळणा बांधला आणि शेकोटीच्या धुराने फुगा भरला. १९७५ मध्ये ते आणि फुगेतज्ज्ञ ज्यूलियन नॉट त्यात बसून उडाले आणि काही मिनिटांतच खाली आले. प्रयोग धाडसी होता, पण त्यातून सिद्ध झाली ती फक्त शक्यता. नाझ्का काळातला फुगा किंवा त्याचे चित्र कुठे मिळालेले नाही.

जर्मनीत जन्मलेल्या गणितज्ञ मारिया रायशे (१९०३–१९९८) यांनी मात्र हातात मोजपट्टी आणि झाडू घेतला. रेषांवरची धूळ झाडत, मापे घेत त्यांनी या वाळवंटात उभे आयुष्य काढले. त्यांच्या मते मोठ्या चित्राशेजारी आधी लहान कच्चे रेखाटन काढले जाई आणि दोरीच्या मापाने ते वाढवले जाई. वळणे म्हणजे खुंटीभोवती दोरी फिरवून काढलेले, एकमेकांना जोडलेले वर्तुळखंड. घराचा पाया आखताना गवंडी खुंट्या ठोकून दोरी ताणतो, त्याहून फार वेगळे काही यात नाही. एका रेषेच्या टोकाशी सापडलेल्या लाकडी खुंटाचे कार्बन-१४ पद्धतीने ठरवलेले वय इ. स. सहाव्या शतकाच्या आसपासचे निघाले. सरळ रेषेला तर दोरीही हवीच असे नाही. तीन काठ्या एका ओळीत दिसतील अशा उभ्या करायच्या आणि मागची उचलून पुढे न्यायची.

दोरी-खुंटीच्या या तर्काची खरी परीक्षा घेतली ती अभ्यासक जो निकेल यांनी, तीही पेरूपासून दूर, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील एका शेतात. १९८२ मध्ये नातेवाइकांना हाताशी धरून, लाकडी खुंट्या, दोरी आणि काटकोन साधण्यासाठी एक साधी लाकडी चौकट एवढ्याच साहित्यावर त्यांनी नाझ्काच्या सुमारे १३४ मी. लांबीच्या गिधाडाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आखली. मधोमध एक रेषा धरायची, तिच्यापासून प्रत्येक बिंदूचे अंतर मोजायचे, खुंट्या ठोकायच्या आणि त्या जोडत जायचे. दगड हटवण्याऐवजी त्यांनी मैदानावर मारतात तशी पांढरी फक्की वापरली. सहा माणसांनी काही दिवसांत उरकलेले हे काम विमानातून पाहिले तेव्हा मूळ चित्राशी चांगलेच जुळले. आखणीच्या वेळी वरून पाहणारा कोणी नव्हता.

‘कसे’ हा प्रश्न इथे बऱ्यापैकी मिटतो; ‘का’ मिटत नाही. अमेरिकन अभ्यासक पॉल कोसोक जुन्या कालव्यांच्या शोधात आले होते. १९४१च्या जूनमध्ये एका रेषेच्या टोकावर सूर्य मावळताना पाहून त्यांना हे पठार खगोलशास्त्राचा अजस्र ग्रंथ वाटले आणि रायशे यांनी हे मत पुढे नेले. १९६८ मध्ये जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकावर पडताळणी केली, तेव्हा ग्रहताऱ्यांशी जुळणाऱ्या रेषा योगायोगाने जुळतील त्याहून जास्त निघाल्या नाहीत. अँथनी अ‍ॅव्हेनी यांना अनेक रेषा ठरावीक टेकाडांपासून किरणांसारख्या फुटलेल्या दिसल्या. त्यांनी त्यांचा संबंध पाण्याशी आणि चालण्याच्या विधींशी जोडला. पाल्पा भागात मार्कुस राइंडेल आणि जॉनी इस्ला यांना समलंब चौकोनांच्या टोकांशी दगडी चौथरे आणि त्यांत अर्पण केलेले स्पाँडिलस शिंपले मिळाले. उबदार समुद्रातून आणलेला हा शिंपला अँडीज प्रदेशात पाण्याशी निगडित मानला जाई. क्लाइव्ह रगल्स आणि निकोलस सॉन्डर्स यांनी २०१२ मध्ये वर्णन केलेली ४.४ किमी.ची भुलभुलय्या वाट तर तिच्यावरून चालत गेल्याशिवाय उमगतच नाही.

तंत्र सोपे असल्याची दुसरी बाजू म्हणजे नुकसानही सोपे. पॅन-अमेरिकन महामार्गाने एका सरड्याचे दोन तुकडे केले. २०१४ मध्ये लिमातील हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनपीसचे कार्यकर्ते गुंजन पक्ष्याजवळ कापडी अक्षरे मांडायला गेले आणि त्यांच्या पायांखाली काळे दगड सरकून फिकट माती उघडी पडली. नाझ्का लोकांनी जे ठरवून केले, तेच इथे नकळत झाले. संघटनेने माफी मागितली, पण ठसे राहिले.

जपानच्या यामागाता विद्यापीठातील मासातो साकाई यांच्या गटाने आयबीएमच्या मदतीने, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हवाई छायाचित्रे चाळून घेतली. २०२४ मध्ये त्यांनी ३०३ नव्या चित्रांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत दगडांच्या चढउतारातून घडवलेली उठावाची चित्रे बहुसंख्य आहेत. ती सरासरी ९ मी.ची, पायवाटांच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्याला सहज दिसतील अशी. माणसे, तोडलेली मुंडकी आणि पाळीव जनावरे हे त्यांचे विषय. रेषांनी काढलेली प्रचंड चित्रे सरासरी ९० मी.ची, ती लांब रेषा आणि समलंब चौकोनांच्या जाळ्यालगत आढळतात आणि त्यांत मुख्यतः वन्य प्राणी आहेत. संशोधकांच्या मते पहिली चित्रे व्यक्ती किंवा लहान गटांसाठी होती, दुसरी संपूर्ण समाजाच्या विधींसाठी. संगणकाने सुचवलेली प्रत्येक जागा खरी की खोटी, हे ठरवायला संशोधकांना पठारावर पायीच जावे लागले.