24 फेब्रुवारी, सकाळी 9:45

(वेळा भारतीय. परभणीत पावणेदहा वाजतात तेव्हा कीव्हमध्ये सव्वासहा.)

जुलै 2017. बीएसएनएलचे सुमारे 60 हजार मोडेम बंद पडतात. अनेकांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच: ‘अ‍ॅडमिन’. यंत्रं निकामी करणाऱ्या ‘ब्रिकरबॉट’ प्रोग्रामच्या कर्त्याने जबाबदारी घेतली. ग्राहकांना सांगण्यात आलं, पासवर्ड बदला. पण मोडेमला स्वतःचीच मेमरी पुसता येते, याची चर्चा फारशी झाली नाही.

13 जानेवारी 2022. युक्रेनमधल्या संगणकांवर डेटा पुसणारा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टला आढळतो. खंडणीचा संदेश दाखवतो, पण पैसे भरून काही परत मिळण्याची सोयच त्यात नाही.

23 फेब्रुवारी, रात्री 8:22. ‘ईसेट’ कंपनीला तिथेच दुसरा पुसणारा प्रोग्राम दिसतो. शेकडो संगणक बाधित. तो तयार झाल्याची नोंद 28 डिसेंबरची, म्हणजे जवळपास दोन महिने आधीची. सगळ्यांचं लक्ष संगणकांवर. छपरावरच्या डिशला जोडलेल्या मोडेमकडे कोण बघतो?

त्या मोडेमना इंटरनेट पुरवतो व्हायासॅट कंपनीचा ‘केए-सॅट’ उपग्रह. त्याच्या जाळ्याच्या व्यवस्थापन विभागात हल्लेखोर शिरले ते व्हीपीएन उपकरणाच्या चुकीच्या मांडणीतून. मोडेमना हुकूम सोडायचा तो याच विभागातून.

अशा यंत्रांत बहुधा एकाच फ्लॅश चिपचे कप्पे पाडलेले असतात. सुरुवातीचा प्रोग्राम, कर्नल, सेटिंग्ज. आणि एका लहान कप्प्यात अनुक्रमांक, मॅक पत्ता, कधी गुप्त किल्ल्याही. हा यंत्राचा सातबारा. प्रोग्राम सगळ्या मोडेमना सारखाच, पुन्हा भरता येतो. हा कप्पा प्रत्येकाचा वेगळा. चिपला लेखनबंदी करता येते. पण दुरून नवी आवृत्ती पाठवायची तर चिप लेखनासाठी खुली ठेवावी लागते, आणि सोयीखातर बऱ्याचदा सगळीच ठेवली जाते.

24 फेब्रुवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास. युक्रेनवरच्या लष्करी कारवाईची घोषणा करणारं पुतिन यांचं भाषण प्रसारित होतं. युक्रेनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना आणायला दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान कीव्हला न पोहोचता अर्ध्या वाटेवरून परत फिरतं.

8:32. युक्रेनमधल्या काही मोडेमकडून अचानक प्रचंड रहदारी. इतरांना जोडलेलं राहणं अवघड होतं. कर्मचारी दोषी मोडेम तोडतात. नवे उगवतात. पुन्हा तोडतात. दरम्यान जोडलेल्या मोडेमचा आकडा हळूहळू उतरू लागतो.

9:45. आकडा कोसळतो, युरोपभर. विश्वासाच्या वाटेनेच हुकूम आलेला असतो आणि मोडेम तो पाळतात. पुढे ‘अ‍ॅसिडरेन’ म्हणून ओळखला गेलेला, आणि संशोधकांच्या मते इथे वापरला गेलेला प्रोग्राम असा चालतो: फ्लॅशचे कप्पे एकामागून एक उघडायचे, प्रत्येकात 2,62,144 बाइटपर्यंत उतरते आकडे लिहायचे किंवा कप्पा पुसायचा, शेवटी यंत्र रीस्टार्ट करायचं. कोणत्या कप्प्यात काय आहे, हे तो पाहत नाही.

10:30. पाऊण तासात हजारो मोडेम गळालेले. ते पुन्हा जोडणी मागतही नाहीत.

त्याच दिवशी, याच उपग्रहाने जोडलेल्या एनर्कॉन कंपनीच्या 5,800 पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. क्षमता 11 गिगावॉट. पाती फिरत राहिली, वीज बनत राहिली. दुरून त्यांच्याकडे पाहता मात्र येईना.

भाग जळले नव्हते, कारखान्यातली मूळ स्थिती पुन्हा भरली की मोडेम चालतात, असं व्हायासॅटने नंतर स्पष्ट केलं. पण ती भरायची तर मोडेम हातात हवा. मार्चअखेरीपर्यंत कंपनीने वितरकांकडे सुमारे 30 हजार मोडेम बदलीसाठी रवाना केले होते.